बिनड्रायव्हरच्या गाडीचा ड्रायव्हर

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बुलढाणा ते मोताळा रस्त्यावर एक पांढरी व्हॅन फिरत असे. ती आपोआप चालते, आत ड्रायव्हर नाही, अशी सगळीकडे चर्चा होती. ज्यांना ती आठवते, आणि विशेषतः जे तिच्यात बसले, त्यांना आधीच सांगून टाकतो. त्या गाडीत ड्रायव्हर होता. तो मी.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे बसवरच्या गमती मागितल्या होत्या. एकतीस वर्षं मी बस चालवली, तेव्हा गमती पुष्कळ आहेत. पण तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागदावर ती पांढरी व्हॅनच आली. तेव्हा या वर्षी हेच घ्या.

मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. पुण्याच्या एका लहानशा कंपनीची माणसं घाटात हलक्या हाताने गाडी चालवणारा जुना ड्रायव्हर शोधत बुलढाण्याला आली. कामाच्या प्रमुख रेवती मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान, मानसशास्त्र शिकलेल्या. त्यांनी मला सगळं नीट समजावलं. आपोआप चालणारी गाडी अजून पुरती तयार व्हायची आहे. पण अशा गाडीत बसलेला माणूस कसा वागतो, त्याला कशाची भीती वाटते, वळण किती वेगाने घेतलेलं त्याला सोसतं, हे आधी कळायला हवं. गाडीच नाही तर तपासणार कसं? म्हणून साध्या गाडीत ड्रायव्हर लपवायचा आणि प्रवाशांना सांगायचं की गाडी आपली आपण चालते. सगळं आटोपल्यावर मात्र प्रत्येकाला खरं सांगायचं, असा या अभ्यासाचा नियम.

"म्हणजे मी भूत," मी म्हणालो.

"भूत नाही हो काका. तुम्ही यंत्र," मॅडम हसून म्हणाल्या.

व्हॅनमध्ये पुढच्या आणि मागच्या भागात लाकडी भिंत घातली होती. मागे चार खुर्च्या, भिंतीवर मोठा टीव्ही, त्यात समोरचा रस्ता दिसायचा. माझ्या बाजूच्या काचा काळ्या. प्रवासी यायच्या आधीच मी आत जाऊन बसायचो. कंपनीने भाड्याने घेतलेल्या गोदामात गाडी भिंतीला नाक लावून उभी असायची, म्हणजे समोरच्या काचेतूनही कोणी डोकावू नये. सगळे उतरून लांब गेले की मग मी उतरणार. तोवर खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मोबाइल बंद. हॉर्न वाजवायला परवानगी होती, शिवी द्यायला नव्हती. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

माझ्यासमोर वहीएवढा एक पडदा होता. त्यात मागच्यांचे चेहरे दिसायचे. त्यांचं बोलणं भिंतीतून ऐकू यायचं. बसमध्ये आरशात चाळीस डोकी दिसतात, पण ती डोकीही आपल्याला पाहत असतात. इथे मी पाहणारा आणि मला कोणी न पाहणारं. पहिले काही दिवस याची मला लाज वाटली. नंतर सवय झाली. सवय झाली हेही लिहून ठेवायला हवं.

मॅडम मागून दुसऱ्या गाडीने यायच्या. प्रवाशांचं बोलणं त्यांच्या फोनवर जायचं, आणि काही वाटलं तर त्या आतल्या स्पीकरवरून बोलायच्या. कॅमेऱ्यातली चित्रं गाडीतल्या गाडीत साठायची. मी तीन चालींनी गाडी चालवायची असं ठरलं होतं. चाल एक म्हणजे कडेवर झोपलेलं मूल असल्यासारखी. चाल दोन नेहमीची. चाल तीन म्हणजे वळणात वेग राखायचा आणि ब्रेक उशिरा लावायचा. पुढे खरं यंत्र येईल, ते कोणत्या चालीने चालवायचं हे यावरून ठरणार होतं.

प्रवासी जिल्हाभरातून आपण होऊन येत. संग्रामपूरचे एक धान्याचे व्यापारी आले होते, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचे. त्यांनी बसल्या बसल्या भिंतीला कान लावला. घाट उतरल्यावर राजूरजवळ म्हशी आडव्या आल्या आणि जुन्या सवयीने माझ्या तोंडून एक शब्द निघून गेला. अगदी हळू.

"ऐकलं का?" व्यापारी शेजारच्याला म्हणाले. "मशीननं म्हशीवाल्याले शिवी देली."

"टीव्हीतून आलं असंन."

"अबे, आपली वऱ्हाडी शिवी होती!" मग भिंतीवर तीनदा टकटक. "ओ ड्रायव्हर भाऊ! असान तं हाव म्हणा. मी कोणाले सांगत नाही."

मी श्वास रोखून बसलो. मॅडमनी घाईघाईने स्पीकरवरून सांगितलं, की यंत्राला इथली भाषा शिकवलेली आहे. व्यापारी गप्प झाले. उतरताना मात्र भिंतीकडे पाहून म्हणाले, "मशीन हुशार हाये. पण वळण नाही लावलं कोणी."

दुसरी गोष्ट घाटातल्या एका वळणाची. चित्रं तपासणाऱ्या प्रोग्रॅमला शिकवलं होतं, की माणसाचा हात तोंडाकडे किंवा कपाळाकडे गेला की घाबरल्याची लाल खूण करायची. रोज एकाच वळणावर लाल खुणांचा पाऊस. पुण्याहून दोन इंजिनिअर आले, रस्त्याचा उतार मोजून गेले. शेवटी मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, "मॅडम, तिथं देवीचं ठाणं आहे. लोक हात जोडून कपाळाला लावतात." त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली माझं नाव घातलं. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर त्या मला बरंच विचारू लागल्या. गाडी का लागते, हेही मी माझ्या परीने सांगितलं. अंगाला कळतं आपण हलतोय, डोळ्यांना वाटतं आपण खोलीत बसलोय. दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण वळण येण्याआधीच ते त्याच्या अंगाला ठाऊक असतं. बसमधल्या पुढच्या बाकावरच्यांनाही कमी लागते. ते ड्रायव्हरचा खांदा पाहत असतात. तो डावीकडे झुकला की त्यांना न कळत तेही झुकतात. "आपल्या गाडीत खांदाच नाही," मी म्हणालो. मॅडमनी तेही वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, हे कुठल्याच पुस्तकात नाही."

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. नोंदींमध्ये बायकांचा त्रास पुरुषांपेक्षा कमी दिसत होता. मॅडमना त्याचं नवल आणि आनंद. मला कारण पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्याकडे ज्या बाईला गाडी लागते ती प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घालत नाही. चारचौघांत ओकण्यापेक्षा उपाशी बरं. बसमध्ये अशा किती पांढऱ्या पडलेल्या बायकांसाठी मी गाडी बाजूला घेतली असेल. फॉर्मवर 'उलटी झाली का?' असा प्रश्न होता. 'जेवलात का?' असा नव्हता. सगळ्या बायका खरंच लिहीत होत्या, आणि नोंद खोटी होत होती. मॅडम खूश होत्या, म्हणून मी बोललो नाही. आपल्या शाबासकीला आपणच कशाला हात लावायचा, असं काहीसं मनात होतं.

चाल तीन कुणालाच सोसत नव्हती. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "काका, घाटात ही चाल नको असंच लिहावं लागणार बहुतेक."

खरं म्हणजे तेच बरोबर होतं. पण मला ते लागलं. एकतीस वर्षांत माझ्या हाताबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मी म्हणालो, "मला दोन दिवस द्या. वेग तोच ठेवून कुणाला कळणारही नाही असं चालवून दाखवतो."

"कुणी या गाडीत झोपून दाखवलं ना काका, तर मी मानेन," त्या गमतीने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देऊळघाटच्या कौसल्याबाई आल्या. मी त्यांना पडद्यातच पाहिलं. साठीच्या आतल्या, काटक, हिरवं लुगडं, हातात एक लिंबू. सोबतच्या दोन बायकांना सांगत होत्या, "मले लय गाडी लागते बाप्पा. पण ह्या गाडीत ड्रायव्हरच नाही म्हणते. मशीन सुताएवढंबी इकडंतिकडं जात नाही म्हणते. म्हटलं पाहू. पोरगी धामणगाव बढ्याले देली हाये. दिवस गेले हायेत तिले. घाट उतरता आला तं जाता येईन बाळंतपणाले."

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

घाट लागला. चाल तीन. मॅडमची गाडी मागे राहिली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या फोनची रेंज गेली. देवीच्या ठाण्याशी दोघींनी हात जोडले, कौसल्याबाईंनी लिंबू नाकाशी धरलं. पुढच्या वळणाला त्यांनी पदर तोंडाशी घेतला. गार हवा चालू होती तरी कपाळावर घाम होता. तो चेहरा मी ओळखत नव्हतो असं नाही. त्या हळू म्हणाल्या, "मॅडम, थांबवता का जी?"

मॅडमना ते ऐकू जात नव्हतं. मला जात होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "काका, कुणाला काही होतंय असं वाटलं तर लगेच थांबा. चाचणी गेली तरी चालेल." म्हणजे नियमाकडे बोट दाखवायलाही मला जागा नाही. थांबतोय हे कळवायला मी भिंतीवर टकटक करणार म्हणून हात उचलला. मनात आलं, सहाच वळणं उरलीत. आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

दोन वळणांनंतर त्यांची मान कलली. मुठीतलं लिंबू सुटून खाली गडगडलं. बाजूच्या म्हणाल्या, "झोपली बाई निवांत."

मोताळ्याला दार उघडल्यावर त्यांना उठवायला वेळ लागला. कुणीतरी साखरेचा चहा दिला. चहा पोटात गेल्यावर रंग आला. मॅडम धावत आल्या, "मावशी, बरं वाटत नाही का?"

"नाही जी, डोया लागला," त्या ओशाळून म्हणाल्या.

परत येताना चाल एक होती. मी इतक्या हळू आणली की मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला. पण संध्याकाळी चालकाच्या नोंदीत मी लिहिलं, 'घाटात चाल तीन असताना प्रवासी शांत झोपली.' मॅडमनी ते वाचून टाळी दिली. मीही टाळी दिली.

कौसल्याबाईंचं ते मान कललेलं चित्र पुढे फार फिरलं. बिनड्रायव्हरच्या गाडीवर खेड्यातल्या बाईचा एवढा विश्वास, की ती घाटात झोपून गेली. अहवालात चाल तीन घाटाला चालेल असं गेलं. काही आठवड्यांत काम गुंडाळलं गेलं, गोदाम रिकामं झालं. प्रवाशांना शेवटी खरं सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

मागच्या वर्षी एका नातेवाइकाकडे देऊळघाटला गेलो होतो. रस्त्याकडेला मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून कौसल्याबाई बसलेल्या. मी थबकलो. मला त्यांची लिंबू धरायची तऱ्हासुद्धा माहीत होती, आणि त्यांनी मला जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. असं चार-पाच वेळा झालं. घरी बायको म्हणाली, "बुलढाण्यात मेथी मिळणं बंद झालं का?"

एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "लेकीबाळी कुठं असतात?"

"एकच हाये. धामणगाव बढ्याले. नात सव्वा वर्षाची झाली. फोनातच पाह्यली." त्या जुडी बांधत राहिल्या. "तिची सासू अंथरुणाले खियून हाये, तिले येता येत नाही. आन मले जाता येत नाही."

"काऊन?"

"गाडी लागते भाऊ. ते बिनड्रायव्हरची गाडी आली होती ना, तिच्यात बसून पाह्यलं. आदल्या दिसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, वरून सकायी साखरेच्या बिमारीची गोयी घेतेली. घाटात जीव गेल्यासारखा झाला. थांबवा म्हटलं तं कोणीच नव्हतं ऐकाले. मंग म्या समजून घेतलं. मशीन तं चुकत नाही. मशीनच्याबी गाडीत मले असं होते, म्हणजे खोट माह्यातच हाये. तवापासून गाडीत पाय नाही ठेवला."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो. म्हणालो, "ताई, गाडीत मशीन नव्हती. मी होतो."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. लाकडी भिंत, पडदा, तीन चाली, त्यांचं ते 'थांबवता का जी', माझा उचललेला हात. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, तेवढा वेळ मी थांबलो आणि ती गेल्यावर पुढे सांगितलं.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले ऐकू आलं होतं?"

"हो."

"किती दूर होते तुमी?"

"हात लांबवला असता तर भिंतीला लागला असता. पलीकडे तुमची खुर्ची."

"मी म्हणे, गाडीत कोणी नाही तं कोणाले म्हणू. आन तुमी तिथीच बसेल." त्यांचा आवाज चढला नाही, त्याने जास्त लागलं. "बाळंतपण हुकलं माह्यं. पोरीनं फोन करू करू बोलावलं. कागदावर काय लेहलं मंग?"

"शांत झोपली, असं."

"ते खोडा आदी. मंग या मेथी घ्याले."

त्याच दुपारी मी रेवती मॅडमना फोन लावला. उपाशी बायकांपासून लिंबापर्यंत सगळं सांगितलं. 

"काका," त्या म्हणाल्या, "माझ्या प्रत्येक भाषणात पहिलं चित्र त्या मावशींचं असतं."

"मला माहीत आहे. म्हणून तर."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. पोटात काही आहे का, एवढंही विचारलं नाही मी. आणि लोकांना खरं सांगायचं होतं, ते माझंच काम होतं." त्यांनी मला नवा फॉर्म पाठवला. त्यात मी लिहिलं, 'प्रवासी झोपली नव्हती, बेशुद्ध पडली होती. तिने गाडी थांबवायला सांगितलं होतं. चालकाने ऐकलं आणि थांबवली नाही.' खाली सही केली. एवढी तीन वाक्यं लिहायला मला पूर्ण सकाळ लागली. मॅडमनी ते चित्र काढून टाकलं, चाल तीनबद्दल दुरुस्ती कळवली, आणि यादीतल्या एकेका प्रवाशाला स्वतः फोन करायला लागल्या. संग्रामपूरचे व्यापारी त्यांना म्हणाले म्हणे, "मी तवाच सांगतलं होतं. त्या ड्रायव्हर भाऊले माह्या नमस्कार सांगा."

तो कागद घेऊन मी देऊळघाटला गेलो. कौसल्याबाईंनी तो नातवाकडून, म्हणजे मुलाच्या मुलाकडून, दोनदा वाचून घेतला. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मी म्हणालो, "माझी जुनी गाडी आहे. म्हणाल त्या दिवशी धामणगावला सोडतो."

"तुमच्या गाडीत?" त्या म्हणाल्या. "पाहू."

तीन आठवडे काही नाही. मी विचारलंही नाही. मग एका सोमवारी त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, आई तयार हाये. पण म्हणते का पुढं बशीन."

मी सकाळी गेलो. आधी विचारलं, "जेवलात का?"

"येड लागलं का? गाडीत ओकली तं?"

"तं ओका. गाडी धुता येते. रिकाम्या पोटी मी निघत नाही."

त्यांनी कुरकुरत अर्धी भाकर आणि वाटीभर दूध घेतलं, मग साखरेची गोळी. हातात लिंबू होतंच. नातीसाठी शिवलेली दोन झबली पिशवीत. माझ्या शेजारी बसल्या, काच उतरवली, आणि म्हणाल्या, "बोलत राहा भाऊ. गाडीत माणूस हाये हे मले समजलं पायजे."

मग मी बोलत राहिलो. बुलढाणा मागे पडलं, घाट लागला. मी प्रत्येक वळणाआधी सांगू लागलो, आता डावीकडे, आता उजवीकडे लांबट आहे, आता खड्डा. थोड्या वेळाने पाहतो तर त्या माझ्या खांद्याकडे पाहत होत्या, आणि मी झुकलो की झुकत होत्या. देवीच्या ठाण्याशी त्यांनी हात जोडले. मीही एक हात कपाळाला लावला.

पुढच्या वळणाला त्या म्हणाल्या, "थांबवा."

मी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवला. पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली.  त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घाम नव्हता. ओठांना रंग होता. लिंबू मांडीवर पडलेलं होतं, त्याला हातही लावलेला नव्हता.

"काय होतंय ताई?"

"काही नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. "थांबते का, ते पाह्यलं. चला आता, पोरगी वाट पाहून राह्यली असंन."